गरीब देशांतल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरचे आणि बाळंतपणातले मृत्यू नेमके कसे मोजतात?

मृत्युदराच्या अपूर्णांकातला छेद, म्हणजे एकूण शस्त्रक्रियांचा आकडा, मिळणं सोपं; खरी पंचाईत अंशाची, म्हणजे मृत्यूंच्या आकड्याची. शस्त्रक्रिया किती झाल्या ते ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमधून कळतं. पण रुग्ण टेबलावर क्वचितच दगावतो, बहुतेकदा वॉर्डात. आफ्रिकेतल्या २५ देशांतल्या २४७ रुग्णालयांनी आठवडाभर शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली ('लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक, २०१८). त्यातल्या २३९ मृत्यूंपैकी २२५ शस्त्रक्रियेच्या दिवसानंतरचे निघाले! म्हणजे नुसतं थिएटरचं रजिस्टर चाळलं तर जवळपास काहीच हाती लागत नाही. वॉर्डाचं रजिस्टर नाव आणि केस नंबर लावून जुळवावं लागतं, आणि कागदावर चालणाऱ्या रुग्णालयात हे अतिशय किचकट काम आहे. त्या अभ्यासात मृत्युदर २.१ टक्के आला, जागतिक सरासरीच्या दुप्पट, तोही रुग्ण तुलनेने तरुण असताना. डिस्चार्जनंतर घरी गेलेल्यांचं काय झालं, हे फोन केल्याशिवाय कळत नाही.

मातामृत्यूची व्याख्या ठरलेली आहे: गर्भारपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांत, त्याच्याशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू. सिझेरियननंतर जंतुसंसर्ग होऊन सर्जिकल वॉर्डात गेलेली बाई प्रसूती विभागाच्या नोंदीतून सहज निसटते. वरच्याच अभ्यासात सिझेरियन झालेल्या ३,६८४ जणींपैकी २० दगावल्या, हजारी साधारण ५.४.

दोन रुग्णालयांचे आकडे मात्र शेजारी ठेवून निकाल लावू नका. मोठ्या रुग्णालयाकडे आजूबाजूच्या गंभीर केसेस पाठवल्या जातात, त्यामुळे चांगलं काम करूनही त्याचा दर वाईट दिसतो.