झडतीत बाकीच्या अशिलांच्या फाइलीपण गेल्या? माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. एका अशिलाच्या केससाठी पोलीस तुमच्या ऑफिसवर आले आणि लॅपटॉपसकट बाकीच्यांच्या फाइलीपण घेऊन गेले, सेम माझ्याबाबतीत झालंय, जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) काळात. तुम्ही वकीलच आहात, त्यामुळे वॉरंट बघा वगैरे सांगत बसत नाही.

माझी घोडचूक एकच. पंचनाम्यात लिहिलं होतं "काळा लॅपटॉप 1, फाइली नग 14" आणि मी इतका वैतागलेलो की न वाचता सही ठोकली. चार महिन्यांनी मुद्देमाल सोडवला, मोजल्या तर 14च! पण घटस्फोटाची एक फाइल गायब. एका जाड फाइलीचा टॅग तुटून दोन गठ्ठे झालेले, म्हणून आकडा जुळला. मुद्देमाल कारकून म्हणे, साहेब, सही तुमचीच ना. त्या बाईंना फोन करताना काय वाटलं ते विचारू नका. मग आपल्याच वकील मंडळींच्या एका संस्थेकडे गेलो, तर तीन प्रतींत अर्ज घेऊन सात महिन्यांनी उत्तर, "योग्य त्या ठिकाणी दाद मागावी". धन्य आहे!

म्हणून सांगतो, प्रत्येक फाइलीवर ऑफिसचा नंबर टाका, नाव नको, नाहीतर पंचनाम्यातच अशील उघडा पडतो. यादी नंबर आणि पानांसकट करून घ्या, "या फाइलींचा गुन्ह्याशी संबंध नाही, गोपनीय आहेत" ही हरकत त्यातच लिहायला लावा. नाही लिहिली तर कॅमेऱ्यासमोर मोठ्याने बोला, 1 जुलै 2024 पासून बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम 105 प्रमाणे झडतीचं शूटिंग करावंच लागतं आणि ते मॅजिस्ट्रेटकडे जातं. लॅपटॉपची हॅश व्हॅल्यू (डेटाचा डिजिटल ठसा, नंतर काही बदललं तर कळतं) तिथल्या तिथे मागा. बीएनएसएसच्याच कलम 94 खाली डिव्हाइस मागितलं असेल तर 31 ऑक्टोबर 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचाच, डिव्हाइस कोर्टापुढे हजर करायचं, आणि उघडताना बाकी अशिलांची गोपनीयता सांभाळायची असं त्यात आहे.

मी सिव्हिलवाला, त्यामुळे क्रिमिनलच्या एखाद्या सिनियरला विचारूनच पुढे जा. बीएसए (नवा पुरावा कायदा) कलम 132, वकील-अशील बोलण्याच्या गोपनीयतेचं, म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, गुन्हा करण्यासाठी झालेलं बोलणं त्यात येत नाही. सीए, डॉक्टर मंडळींनी तर त्या कलमाच्या भरवशावर राहूच नये. आणि काही डिलीट करायच्या फंदात पडू नका, प्लीज.

जप्तीच्या यादीची प्रत मिळाली का तुम्हाला? नसेल तर उद्याच मॅजिस्ट्रेटकडे अर्ज टाका, आणि मिळाली असेल तर आधी फाइलींचे टॅग आठवा.