नवी गोळी सुरू केली, तरी धडधड परत आली

"डॉक्टरांनी नवी गोळी दिली, आठ-दहा दिवस बरं गेलं आणि धडधड परत सुरू झाली. म्हणजे गोळी लागू पडली नाही ना? बंद करू का?" हृदयाची लय बिघडलेले जे रुग्ण लातुरात माझ्यासमोर येऊन बसतात, त्यांतले बरेचजण हाच प्रश्न घेऊन येतात. तो विचारून झाला की खालच्या आवाजात आणखी एक वाक्य येतं, "मी अर्धी करून घ्यायलोय." मला काळजी वाटते ती या दुसऱ्या वाक्याची. म्हणून आक्कांची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगते.

आक्का औसा तालुक्यातल्या. वय ५८, घरी सोयाबीन-तुरीची शेती, गावच्या भजनी मंडळात पुढे बसणाऱ्या. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात, आणि नाडी कधी भरभर, कधी अडखळत, कशीही चालते. आधीच्या गोळीने ठोक्यांचा वेग आवरला होता, पण हा त्रास मधूनमधून उफाळायचाच. म्हणून डॉक्टरांनी अमिओडॅरोन ही नवी गोळी सुरू केली. पहिल्या आठवड्यात दिवसातून तीनदा, मग दोनदा, पुढे एकदा. दहाव्या दिवशी पहाटे आक्का दचकून उठल्या. छातीत पुन्हा तेच.

"गोळ्या गरम पडायल्यात," मालक म्हणाले. शेजारच्या दोघीतिघींनी री ओढली. नवरात्र चालू होतं, आक्कांना नऊ दिवसांचे उपवास, त्यामुळे रिकाम्या पोटी एवढं औषध नको असंही घरात ठरून गेलं. आक्कांनी अमिओडॅरोन अर्धी केली. रक्त पातळ करणारी गोळी मात्र पूर्णच सोडली, कारण "ती कुठं धडधडीची हाय?" सुनेच्या हे लक्षात आलं आणि तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तपासून गोळ्या पुन्हा नीट बसवून दिल्या आणि भीती फार आहे म्हणून आक्कांना समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं.

आल्या आल्या मी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. आक्कांच्या पिशवीतून हृदयाच्या गोळ्यांबरोबर गुडघ्यासाठी गावातून आणलेली डायक्लोफिनॅकची पट्टी निघाली आणि सर्दीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली एक पट्टी. सर्दीच्या गोळीत फिनाइलेफ्रिन होतं. नाक मोकळं करणाऱ्या अशा औषधांनी ठोके भडकू शकतात. गुडघेदुखीची गोळी रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दोन्ही पट्ट्यांचे फोटो सुनेने तिथूनच डॉक्टरांना पाठवले आणि त्यांनी दोन्ही बंद करायला सांगितल्या. त्या पहाटेच्या त्रासाला सर्दीची गोळीच कारणीभूत होती असं मी म्हणणार नाही, ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही. पण दम्याचा पंप, थायरॉईडच्या गोळीचा वाढलेला डोस, जुलाब होऊन शरीरातलं पोटॅशियम कमी होणं, अशा कितीतरी गोष्टी धडधड पुन्हा उठवू शकतात. नवीन गोळी सुरू असताना असं काही झालं की सगळा आळ त्या गोळीवर येतो आणि बाकीची पिशवी कुणी उघडतच नाही.

आता मूळ प्रश्न. अमिओडॅरोन आज घेतली आणि उद्या गुण आला, असं होत नाही. हे औषध शरीरात साठत साठत कामाला लागतं, त्याला आठवडे लागतात. आपल्या काळ्या जमिनीत पहिला पाऊस कसा नुसता भेगांत मुरतो, वर पाणी दिसत नाही, तसंच हे. आक्कांना हे लगेच पटलं. दहाव्या दिवशी त्रास झाला म्हणून गोळी हरली, असा हिशेब लागत नाही.

आणि पुरेसे दिवस झाल्यावरही त्रास पुन्हा होऊ शकतो, हे मी आधीच सांगून टाकते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात ४०३ रुग्ण होते. सरासरी १६ महिन्यांत अमिओडॅरोन घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के लोकांना हा त्रास पुन्हा झाला, तर त्या वेळच्या दुसऱ्या दोन गोळ्या घेणाऱ्यांत हेच प्रमाण ६३ टक्के होतं. म्हणजे तिघांत एकाला चांगल्या औषधावरही झालाच. हा आकडा ऐकून घाबरवायचं कशाला, असं काही नातेवाईक मला म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. "आता कधीच होणार नाही" अशा समजुतीत राहिलेला माणूस पहिल्याच झटक्याला कोलमडतो आणि औषध सोडतो. त्रास किती वेळा होतो, किती वेळ टिकतो, किती दमवतो, यात फरक पडला का, हे डॉक्टर बघत असतात.

सगळ्यात जास्त वेळ मी रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर घालवला. वरचे कप्पे थरथरत राहिले की तिथे रक्त साचून गाठ होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर लकवा. या आजारात लकव्याचा धोका साधारण पाचपट असतो. धडधड परत आली म्हणजे तो धोका तर समोरच उभा आहे, आणि नेमकी तेव्हाच आक्कांनी ती गोळी सोडली होती. ती धडधड थांबवत नाही हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण ती कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा त्या घाबरलेल्या होत्या. हे ऐकल्यावर मालक बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या चुलत्याला असाच मारला होता लकवा." त्या दिवसापासून ती गोळी आक्कांच्या हातावर तेच ठेवतात. उपवासाचं म्हणाल तर डॉक्टरांनी निर्जळी करू नका आणि गोळी भगरीवर, ताकावर का होईना, पण खाऊन रोज त्याच वेळेला घ्या, असं सांगितलं.

मग भीती. आक्कांना मी नाडीवर तीन बोटं ठेवायला शिकवलं आणि सांगितलं, दुसऱ्या हाताने टेबलावर तेच ठोके वाजवा. भजनात टाळ धरणारा हात, आक्का डोळे मिटून वाजवू लागल्या. त्या दिवशी ठोके जलद होते, पण एकसारखे. "पळायलंय, पण ताल हाय," त्या स्वतःच म्हणाल्या. भीतीने उठलेली धडधड बहुधा अशी असते, वेग वाढलेला पण अंतर सारखं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ताल सापडत नाही. पक्कं निदान ईसीजीच करतो, तरी आपल्या बोटांना एवढा फरक कळला की माणूस थोडा सावरतो. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर या आजारात आकडा फसवतो.

पहाटेचंच का इतकं भ्या वाटतं, हे मी विचारलं तेव्हा आक्का किल्लारीच्या भूकंपावर आल्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र. आक्का तेव्हा माहेरी होत्या, तान्हं लेकरू कुशीत. "खाट हलली तसं काळीज हललं. आता काळीज हललं की वाटतं खाट हलायली." आमच्या भागात त्या वयाच्या माणसांशी बोलताना हा प्रश्न विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. छातीतली धडधड आणि त्या रात्रीची आठवण एकमेकींना जागं करतात. मग अंगात भीती भिनते, ठोके आणखी वाढतात आणि कोणतं कशाचं हे कळेनासं होतं. त्या रात्रीबद्दल आम्ही पुढच्या भेटींत सविस्तर बोललो. त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही.

जाग आली की दिवा लावायचा, पाय जमिनीवर टेकवायचे, सुनेला हाक मारायची, श्वास सावकाश आणि लांब सोडायचा. श्वासाने लय जागेवर येईल असं मी कबूल केलं नाही. भीती उतरते, आणि तेवढंही पुष्कळ असतं. पुण्याच्या लेकाने पाठवलेलं घड्याळ मात्र मी रात्रीचं काढून ठेवायला लावलं. आक्का दर दहा मिनिटांनी त्यावर ठोके बघायच्या, आणि बघितलं की वाढायचे. आता सकाळ-संध्याकाळ एकदा आणि त्रास झाला तर तेव्हा नाडी मोजायची. वहीत तारीख, वेळ, ठोके, किती वेळ टिकलं आणि त्या दिवशी कोणती वेगळी गोळी घेतली, एवढं सून लिहिते.

घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ करायला लावली. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यांतलं काहीही दिसलं तर वही नको, नाडी नको, श्वासही मोजत बसायचं नाही, सरळ १०८. लकव्यात गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि खेड्यातून लातूर गाठण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. नाडी पन्नासच्या खाली जाऊन गरगरलं किंवा शौचाला काळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, विचारून घ्यायची.

दिवाळीनंतर आक्कांना पुन्हा एकदा झालं, साधारण पाऊण तास. वहीत नोंद आहे, आणि त्या दिवशीच्या सगळ्या गोळ्यांपुढे खुणाही आहेत. डॉक्टरांनी वही बघून डोस तोच ठेवला. असं वारंवार होऊ लागलं तर अ‍ॅब्लेशनचा, म्हणजे नळीने हृदयात जाऊन लय बिघडवणारी जागा निकामी करण्याचा, विचार करू म्हणाले. अमिओडॅरोनवर असताना थायरॉईड आणि यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी लागते, ती तारीख सुनेने वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे.