फोटो 100 केबीत बसवायचा, पण चेहरा न बिघडवता

प्रश्न: दादा नमस्कार, मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते, बीकॉमचं शेवटचं वर्ष आहे आणि नोकरीसाठी ऑनलाइन प्रोफाइल बनवून राहिली. साइट म्हणते फोटो 100 केबीच्या आत पाहिजे. माझा फोटो सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनमधला, मैत्रिणीनं काढलेला, 4.8 एमबीचा. बर्डीवर एका झेरॉक्सच्या दुकानात कमी करून आणला तर गालावर चौकोनी चौकोनी डाग दिसून राहिले. घरी मग जेपीजीचं नाव बदलून पीएनजी केलं, डीपीआय 300 चा 72 केला, पण साइझ होती तेवढीच. काहून होतं असं?

उत्तर: अगं, दुकानवाल्यानं फोटोची लांबी-रुंदी तशीच ठेवली आणि नुसती क्वालिटी खाली ओढली, म्हणून हे डाग. तुझ्या फोनचा फोटो 4000 बाय 3000 असेल तर त्यात 1 कोटी 20 लाख पिक्सेल, म्हणजे फोटोतले बारीक ठिपके, झाले, एवढे सगळे 100 केबीत कोंबायचे म्हटल्यावर काहीतरी फेकावंच लागते ना. जेपीजी, म्हणजे तुझ्या फोटोच्या फाइलचा प्रकार, फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक फरक टाकून देते, क्वालिटी जितकी कमी तितकं जास्त टाकते, आणि शेवटी शेजारचे दोन चौकोन एकमेकांशी जुळतच नाहीत, तेच तुला गालावर दिसलं.

प्रोफाइलचा फोटो स्क्रीनवर दिसतो केवढा? बोराएवढा. त्याला 400 बाय 400 भरपूर झाले, म्हणजे 1 लाख 60 हजार पिक्सेल, मूळच्या 75 पट कमी. म्हणून आधी पिक्सेल कमी कर आणि क्वालिटीला हात सगळ्यात शेवटी लाव, माझं सांगणं एवढंच आहे आणि हा क्रम उलटा केला की चेहरा बिघडलाच समज.

पहिले क्रॉप कर, चौरस, डोकं आणि खांदे येतील एवढाच, केसांच्या वर थोडी जागा सोड कारण बऱ्याच साइटी फोटो गोल कापतात. मग रिसाइझ. विंडोजवर पेंटमध्ये कंट्रोल डब्ल्यू दाबलं की खिडकी उघडते, तिथं पर्सेंटेज नाही, पिक्सेल निवड आणि 400 टाक. एवढ्यानंच फाइल बहुतेक 100 केबीच्या आत येईल. नाहीच आली तर ब्राउझरमध्ये स्क्वूश (Squoosh) उघड, फोटोची फाइल लहान करायचं साधन आहे, गूगलवाल्यांनी बनवलेलं आहे, फुकट आहे आणि फोटो तुझ्याच मशीनवर लहान होतो, कुठं अपलोड होत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटते कारण पोरीबाळींचे फोटो कोणत्याही अनोळखी साइटीवर चढवू नये. तिथं क्वालिटी 75-80 ठेव आणि मधली पट्टी सरकवून आधीचा-नंतरचा चेहरा ताडून पाह्य.

नाव बदलल्यानं फाइल आतून बदलत नाही. आणि खरोखर पीएनजी केली असती तर उलट वाढली असती, ते लोगो आणि स्क्रीनशॉटसाठी चांगलं, चेहऱ्याच्या फोटोला जेपीजीच. डीपीआय तर प्रिंटवाल्याचं काम, कागदावर किती मोठं छापायचं तेवढं ते सांगते, स्क्रीनला त्याचं काही नाही.

अजून एक, गार्डनमधली पानं पण वजन वाढवतात बरं. जेवढी बारीक नक्षी तेवढी फाइल जड. साध्या भिंतीसमोर सकाळच्या उजेडात काढलेला फोटो त्याच साइझला हलका येतो, आणि रात्री ट्यूबलाइटखाली काढला तर बारीक दाणे येतात, ते पण फाइलमध्ये जागा खातात. नोकरीच्या प्रोफाइलला तसाही भिंतीसमोरचाच बरा दिसतो, जमलं तर नवीनच काढ. मैत्रिणीकडून मागवशील तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणा, फोटो म्हणून पाठवला की ते स्वतःच दाबून टाकते, आणि तू अजून दाबशील म्हणजे दोनदा खराब. मूळ फोटो मात्र राहू दे, लहान केलेला वेगळ्या नावानं सेव्ह कर, कारण लहान केलेला पुन्हा मोठा केला तरी गेलेली बारकाई परत येत नाही.

प्रश्न: फोटोसोबत घराचं लोकेशन पण जातं असं ऐकलं, खरं काय? मी रिटायर्ड आहे, लक्ष्मीनगरला राहतो.

उत्तर: हो काका, कॅमेऱ्यात लोकेशन चालू असलं तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश, तारीख, फोनचं मॉडेल असं सगळं लिहिलं जाते. क्रॉप करून ते जाईलच असं नाही. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, तिथं खाली रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन दिसेल, त्यातून माहिती काढलेली कॉपी बनवा आणि तीच अपलोड करा. फोनच्या कॅमेरा सेटिंगमधून लोकेशन आजच बंद करून टाका, नातवाच्या फोनमधलं पण.