‘जीवित’ या शब्दात उपजीविका कशी आली?
जीविताच्या हक्काची हमी देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये उपजीविकेचा उल्लेखच नाही, मग न्यायालयाने तो हक्क आणला कुठून, असे आपण विचारले आहे. मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, जगण्याचे साधनच हिरावून घेतले तर जीविताचा हक्क नावापुरता उरतो. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही, हे बहुधा सांगायचे राहून जाते. मुंबई महापालिका अधिनियमाचे कलम ३१४ आयुक्तांना नोटिशीविना अतिक्रमण हटवू देते. न्यायालयाने ते रद्द न करता, नोटीस न देणे हा अपवाद आहे, नियम नव्हे, असा त्याचा अर्थ लावला आणि पावसाळा ध्यानात घेऊन ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत झोपड्या हटवण्यास मनाई केली.