बलकांव बांधण्याआधी

तू सेकंड लाइफ या ऑनलाइन त्रिमितीय जगात आजीच्या गोव्यातल्या, डिचोलीच्या घराचं बलकांव, म्हणजे दारापुढची बाकांची ओसरी, बांधायला घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पण एकदम जमीन भाड्याने घेऊ नकोस. आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे बांधून बघण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, सराव कर. तिथे वस्तू फुकट मांडता येतात, फक्त ठराविक तासांनी त्या उचलून तुझ्या इन्व्हेंटरीत (तिथल्या तुझ्या सामानाच्या साठ्यात) परत पाठवल्या जातात.

माप मात्र घरचं तसंच्या तसं घेऊ नकोस. मी माझं पहिलं घर टेपने मोजून बांधलं आणि आत पाऊल टाकताच सगळा गोंधळ. कॅमेरा अवताराच्या, म्हणजे त्या जगातल्या आपल्या रूपाच्या, मागे, डोक्याच्या वर असतो. तो कौलांत घुसतो आणि खोली दिसतच नाही. छप्पर चांगलं उंच ठेव, दारं रुंद कर. डोळ्याला ते बरोबरच वाटतं.

दाराचं आणखी एक. प्रिम, म्हणजे तिथला बांधकामाचा ठोकळा, स्वतःच्या मध्याभोवती फिरतो, म्हणून साधं दार बिजागरीवर न फिरता मधोमध गिरकी घेतं. पाथ कट या ठोकळा कापायच्या सेटिंगमध्ये सुरुवात ०.३७५ आणि शेवट ०.८७५ दे. अर्धा ठोकळा कापला जातो आणि मध्य नेमका कडेला येतो. मग दार फिरवणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) टाक.

भाग जोडताना जो शेवटी निवडशील तो मूळ प्रिम, म्हणजे जोडलेल्या वस्तूचा मुख्य भाग, होतो, तेव्हा जोतं शेवटी निवड.

आणि कुणालाही वस्तू देण्याआधी पुढच्या मालकाचे हक्क (नक्कल करणं, बदलणं, दुसऱ्याला देणं) तपास. माझं तुळशी वृंदावन मी सगळे हक्क उघडे ठेवून एकाला दिलं. महिन्याभरात ते दुसऱ्याच्या दुकानात विकायला होतं. अजून रुखरुख लागते.

बलकांवाच्या बाकांपर्यंत पोचलीस की कळव, मी बघायला येते.