सर्कशीतला हल्क

प्रश्न : मी लहानपणी वाचलेल्या 'अ‍ॅव्हेंजर्स' या सुपरहिरोंच्या टीमच्या पहिल्या कॉमिकमध्ये हल्क तोंड रंगवून सर्कशीत काम करत होता आणि कॅप्टन अमेरिका त्यात नव्हताच. सिनेमे पाहून मोठा झालेला नातू म्हणतो, "आबा, फेकू नका!" परवा माळ्यावर अंक सापडला, पण नेमकी मधली पानं कसरीने खाल्लेली. खरं कोणाचं? आणि अंकाचे काही पैसे येतील का?
— एक आजोबा, धंतोली, नागपूर

उत्तर : आबा, नातवाकडून एक प्लेट तर्री-पोहे वसूल करा. सप्टेंबर १९६३च्या त्या अंकात आयर्न मॅन, थॉर, अँट-मॅन, वास्प आणि हल्क एवढेच आहेत. कॅप्टन थेट चौथ्या अंकात, १९६४ साली बर्फातून निघतो. सर्कसही खरी. हल्क तिथे यांत्रिक माणूस बनून हत्ती झेलतो!

मी हा अंक बर्डीच्या फुटपाथवर उभ्याउभ्याच वाचला होता; दोन-चार पानं उलटली की पुस्तकवाले काका खाकरायचे. तुमच्या पत्रामुळे परवा पुन्हा काढला. जॅक कर्बीची चित्रं आजही पानाबाहेर उडी मारतात. स्टॅन लीची गोष्ट मात्र, खरं सांगू, योगायोगांच्या कुबड्यांवर चालते. थॉरचा दुष्ट भाऊ लोकी कपट करून हल्कवर रेल्वेपूल पाडल्याचा आळ आणतो. हल्कचा दोस्त रिक जोन्स मदतीसाठी रेडिओवरून हाक मारतो ती फॅन्टॅस्टिक फोर या दुसऱ्याच सुपरहिरो टीमला, आणि येऊन पोचतात भलतेच लोक. म्हणजे ही टीम राँग नंबरवर जमली! आणि लोकी सापडेपर्यंत मारामारी कोणाशी, तर बिचाऱ्या हल्कशीच. वास्पला सगळा अंकभर थॉरच्या देखणेपणाचं कौतुक करायला लावलंय, ते आता फार खटकतं. टीमचं नाव सुचवते तीच, हे मात्र मी साफ विसरलो होतो.

हल्कचं लहानपणी नुसतं हसू आलं होतं. या वेळी त्या रंगवलेल्या तोंडाशी बराच वेळ थांबलो. एवढा ताकदवान गडी, पण लपायला जागा कुठली शोधतो, तर शेकडो लोक तिकीट काढून बघायला येतात ती! शेवटी टीममध्ये येतो तोही जगाला वाचवायला नाही. पाठलागाला कंटाळून येतो. आणि दुसऱ्याच अंकात निघून जातो.

पैशांचं म्हणाल तर मूळ अंकावर १२ सेंट किंमत आहे, पण तेवढ्यावर भुलू नका. हुबेहूब दिसणारे अंक नंतरही छापले गेलेत. आत बारीक अक्षरांतलं छपाईचं साल बघा. मूळ निघाला तरी पानं गेल्यामुळे भाव पडणारच. सेलोटेप अजिबात लावू नका. आणि उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत तर ठेवूच नका. ओलीने उरलेली पानंही जातील.