१०० मिली पाण्याला स्पिरिट किती?

तुम्ही विचारलंय, मुलासाठी आणलेल्या छोट्या वाफेच्या इंजिनात १०० मिली पाणी मावतं, तर दिव्यात स्पिरिट किती घालायचं आणि ते चालेल किती वेळ.

२५ मिली घाला. इंजिन साधारण अर्धा-पाऊण तास चालेल.

हिशोब असा. १ मिली स्पिरिट जळलं की सुमारे २१ किलोज्यूल उष्णता निघते. एवढ्यात ८ मिली पाण्याची वाफ व्हायला हवी, पण एवढ्याशा बॉयलरमध्ये निम्म्याहून जास्त आच बाजूने निघून जाते. माझ्याकडे १ मिली स्पिरिटमागे जेमतेम ३ मिली पाणी आटतं. सुरुवातीला वाफ धरेपर्यंतच ५-६ मिली जातं. उरलेल्या वीसेक मिलीत ६० मिली पाणी उडतं आणि ४० तळाशी शिल्लक राहतं. ते शिल्लक राहायलाच हवं. इंधन आधी संपलं पाहिजे, पाणी नाही.

हे मी नुकसान करून शिकलो. भुसावळला गच्चीवर पोरांना जमवलं होतं, चाक छान फिरत होतं, 'काका अजून, अजून' चाललेलं. दिवा मंद झाला म्हणून मी परत भरला, पाणी बघितलंच नाही. जरा वेळाने चाक थांबलं आणि बॉयलरच्या बुडाशी चकचकीत थेंब लोंबायला लागला. पत्र्याचे सांधे जोडणारं सोल्डर वितळलं होतं. ते १९० अंशाच्या आसपासच वितळतं. आत पाणी असेपर्यंत पत्रा तेवढा तापत नाही. पाणी संपलं की मिनिटभरात खेळ खलास.

आता मेडिकलमधली १० मिलीची सिरिंज वापरतो. स्पिरिट तिनेच मोजून घालतो, आणि इंजिन पूर्ण थंड झालं की उरलेलं पाणी तिनेच ओढून बघतो. तुमचं इंजिन वेगळं असेल, तेव्हा दोन-तीनदा असंच मोजा. सिलिंडर, म्हणजे ज्या नळीत वाफ दट्ट्या ढकलते ती, मोठा किंवा गळका असेल तर पाणी पटापट जाईल.

आपल्याकडच्या उन्हाचा फायदा होईल असं वाटतं ना? फारसा नाही. मे महिन्यात पाणी ४० अंशांवर असलं तरी खरा खर्च उकळलेल्या पाण्याची वाफ करण्यात आहे, लिटरमागे २२५७ किलोज्यूल. वारा मात्र फार खातो. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तीन बाजूंनी आडोसा करा. बोअरचं पाणी घालू नका, क्षाराचा पांढरा थर बसतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर चालतं.

आणि भर उन्हात चालवू नका भाऊ. स्पिरिटची ज्योत दुपारी दिसतच नाही. विझला समजून पेटत्या दिव्यात बाटली ओतली तर बाटलीच पेट घेईल. मी आधी हाताची सावली धरून बघतो, मग दिवा गार होऊ देतो, आणि मगच झाकण उघडतो.